पासिंग : जुन्या व्हॅनची तपासणी आणि तिचा इतिहास

व्यवसायासाठी वापरल्या जाणाऱ्या वाहनाच्या ठरावीक मुदतीच्या तपासणीला महाराष्ट्रात ‘पासिंग’ हा शब्द इतका रूढ झाला आहे की, ‘योग्यता प्रमाणपत्र’ ही कायद्यातील संज्ञा सरकारी अर्जाबाहेर क्वचितच ऐकू येते. वाहन रस्त्यावर चालवण्यास यांत्रिकदृष्ट्या सुरक्षित आहे, असे परिवहन खात्याने तपासून दिलेले लेखी प्रमाण, एवढाच तिचा अर्थ. १९१४च्या भारतीय मोटार वाहन कायद्याचा मुख्य रोख नोंदणी आणि चालकाचा परवाना यांवर होता. मात्र १९३९च्या कायद्याने, त्यातील कलम ३८ अन्वये, असे प्रमाणपत्र नसलेल्या परिवहन वाहनाची, म्हणजे भाड्याने माणसे वा माल वाहणाऱ्या गाडीची, नोंदणीच वैध मानू नये असे ठरवले आणि १९८८च्या कायद्याने कलम ५६मध्ये तेच तत्त्व पुढे चालवले. खाजगी मोटारीला या व्यवस्थेने पंधरा वर्षांपर्यंत जवळजवळ मोकळीक दिली असल्यामुळे, तपासणीचा खरा इतिहास टेंपो, ट्रक, बस आणि व्हॅन यांच्याच अनुभवातून घडला.

त्यातही व्हॅनचे स्थान वेगळे आहे. १९५८मध्ये नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या बजाज टेंपो कंपनीने जर्मनीतील टेंपो कारखान्याच्या सहकार्याने प्रथम गोरेगाव येथे तीनचाकी वाहने बनवली आणि पुढे पुण्याजवळ आकुर्डी येथे कारखाना नेला. कारखान्याचे ‘टेंपो’ हे नाव मराठीत लहान मालगाडीचे सामान्यनाम बनले, आणि १९६९पासून बनू लागलेल्या ‘मॅटॅडोर’चेही तसेच झाले, कारण अनेक वर्षे कोणत्याही मोठ्या व्हॅनला लोक मॅटॅडोरच म्हणत. ही गाडी पुढच्या चाकांवर चालणारी होती. इंजिनाची शक्ती मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा खालून जात नसल्याने तिची फळी, म्हणजे आतला तळ, जमिनीपासून कमी उंचीवर ठेवता आला, आणि भाजीच्या टोपल्यांपासून रुग्णाच्या स्ट्रेचरपर्यंत सारे काही चढवणे-उतरवणे सोपे झाले. मात्र या रचनेत ओढण्याचे, वळवण्याचे आणि ब्रेकचा बराचसा ताण सोसण्याचे काम पुढच्या चाकांकडेच येत असल्यामुळे, गाडी जुनी झाली की तिचे सांधे, बुश आणि बॉल जॉइंट प्रथम सैल पडतात.

येथूनच तपासणीच्या विश्वासार्हतेचा प्रश्न सुरू होतो. जुन्या व्हॅनचे नेहमीचे दोष कोणत्याही अनुभवी मिस्त्रीला पाठ असतात, आणि त्यांतील बहुतेक दोष उभ्या गाडीच्या बाहेरून दिसत नाहीत. कोकणपट्टीच्या दमट, खाऱ्या हवेत पत्रा दारांच्या खालच्या कडेला, चाकांवरील कमानीत आणि फळीच्या खालून सडतो. ज्या व्हॅनला ट्रकसारखी स्वतंत्र चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नसते, तिच्या बाबतीत हा सडका पत्रा म्हणजे गाडीचा कणाच असतो, कारण पाट्यांचे, म्हणजे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगांचे, आणि सांध्यांचे आधार त्यालाच जोडलेले असतात. ब्रेकमध्ये व्हील सिलिंडर पाझरतो, म्हणजे पायाच्या दाबाने तेल ढकलून ब्रेकचे जोडे पसरवणारी चाकातील लहान नळकांडी गळू लागते, आणि एका चाकाचा ब्रेक दुबळा होऊन गाडी जोरात थांबवताना एका बाजूला ओढली जाते. स्टिअरिंगमध्ये ‘प्ले’ वाढतो, म्हणजे चक्र थोडे फिरवले तरी चाके वळत नाहीत. इंजिन झिजले की धूर वाढतो. तेवढा एक दोष मात्र दुरूनही दिसतो.

आता ज्या पद्धतीने पासिंग दीर्घकाळ होत आले, तिच्याकडे पाहिले पाहिजे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम ६२ मध्ये तपासावयाच्या बाबींची यादी आहे. तीत दिवे, परावर्तक, आरसा, काच, हॉर्न, सायलेन्सर, वायपर आणि वेगमापक यांच्याबरोबरच ब्रेक आणि स्टिअरिंगही येतात. यादी चुकीची नव्हती, परंतु निरीक्षकाजवळ साधन म्हणून डोळे आणि हातच असतील, आणि रांग लांब असेल, तर तिच्यातील डोळ्यांना दिसणाऱ्या बाबींनाच वजन येणे अपरिहार्य होते. म्हणून गाडी पासिंगला काढण्याची एक स्वतंत्र कारागिरीच निर्माण झाली : सडक्या जागी लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, वर रंग मारायचा, लोक ज्याला ‘रेडियम’ म्हणतात त्या चमकत्या पट्ट्या चिकटवायच्या, नंबर नव्याने रंगवायचा आणि वायपर बदलायचा. या कारागिरीला सर्वस्वी फसवणूक म्हणणे अन्यायाचे होईल, कारण रेडियम आणि चालू दिवे यांनी रात्रीच्या रस्त्यावर खरोखरच माणसे वाचवली आहेत; पण लांबीखालचा सडका पत्रा त्यामुळे झाकला गेला, हेही तितकेच खरे आहे.

ब्रिटनमध्ये हा अनुभव आधी आला. तेथे १९६०मध्ये दहा वर्षांहून जुन्या गाड्यांचे ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग तपासण्यास सुरुवात झाली, आणि १९६७पर्यंत ही वयोमर्यादा तीन वर्षांवर आली, म्हणजे नवी दिसणारी गाडीही निर्दोष नसते हे सात वर्षांत मान्य झाले. महाराष्ट्रात वळण आले ते न्यायालयामुळे. ब्रेकची परीक्षा गाडी चालवूनच व्हावी यासाठी २५० मीटर लांबीचा चाचणीमार्ग असावा, हा आग्रह मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकेद्वारे धरला गेला, आणि असा मार्ग नसलेल्या परिवहन कार्यालयांत योग्यता-तपासणी थांबवण्याचे आदेश २०१७मध्ये न्यायालयाने दिले. या आदेशाने वाहनमालकांची गैरसोय झाली, तरी तो योग्यच होता, कारण गाडी थांबते की नाही हे ती धावल्याशिवाय कळत नाही.

त्यानंतरची पायरी म्हणजे २०२१च्या नियमांनी आलेली स्वयंचलित चाचणी केंद्रे. तेथे रोलरवर प्रत्येक चाकाचे ब्रेकबळ वेगळे मोजले जाते, त्यामुळे डावे आणि उजवे चाक यांतील तफावत आकड्यांत दिसते; हलणाऱ्या तबकड्यांवर पुढची चाके ठेवून सांध्यांचा सैलपणा पाहिला जातो; धूर आणि हेडलाइटचा झोतही यंत्राने तपासला जातो. पाझरणाऱ्या सिलिंडरला यामुळे लपायला जागा उरत नाही. गंजाचे मात्र तसे नाही, कारण सडलेला पत्रा मोजणारा रोलर नसतो. त्यासाठी अजूनही माणसाला खड्ड्यात उतरून, बॅटरी घेऊन, गाडीच्या पोटाखाली पाहावे लागते आणि संशय येईल तेथे ठोकून आवाज ऐकावा लागतो. शिवाय प्रमाणपत्र तपासणीच्या दिवसाची स्थिती सांगते. दुसऱ्या दिवशी फुटणाऱ्या ब्रेकच्या नळीची हमी ते देत नाही.

मॅटॅडोर आता रस्त्यांवर क्वचितच दिसते. तिच्यानंतर शाळेच्या मुलांपासून रुग्णांपर्यंत सर्वांना वाहणारी मारुतीची व्हॅन, म्हणजे १९८४मध्ये आलेली आणि पुढे ‘ओम्नी’ म्हणून ओळखली गेलेली गाडी, हिचेही उत्पादन २०१९मध्ये बंद झाले. सध्याच्या नियमानुसार आठ वर्षांपर्यंतच्या परिवहन वाहनाला दोन वर्षांचे आणि त्याहून जुन्याला एकाच वर्षाचे प्रमाणपत्र मिळते. त्यामुळे २०२७-२८नंतर व्यवसायासाठी नोंदलेली जी ओम्नी रस्त्यावर असेल, तिला दरवर्षी पासिंगच्या रांगेत उभे राहावे लागेल.