१९९० समोरचं तारांकन

१६ ऑक्टोबर २०२३. मुंबईत बीकेसीच्या जिओ वर्ल्ड सेंटरमध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन चालू होतं. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पाच खेळ घ्यायचं तिथे ठरलं. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर दिवसभर एकच विषय होता : क्रिकेट, तेही १९०० नंतर पहिल्यांदा. यादीतली बाकीची नावं कुणी नीट वाचलीच नाहीत. स्क्वॉश ठीक, बेसबॉल ऐकून माहीत, फ्लॅग फुटबॉलचा अंदाज बांधता येत होता. "हे लॅक्रॉस काय प्रकरण आहे?" असं एकाने विचारलं. मी म्हटलं, बघून सांगतो.

ते बघणं अजून संपलेलं नाही.

खेळ समजायला सोपा आहे. टोकाला जाळी लावलेली काठी, भरीव रबरी चेंडू, दोन्ही टोकांना सहा फूट बाय सहा फुटांचा गोल. चेंडू जाळीत झेलायचा, तसाच घेऊन पळायचं, काठीनेच पास द्यायचा आणि काठीनेच गोल मारायचा. पुरुषांच्या मैदानी खेळात एका बाजूला दहा जण असतात आणि धक्के भरपूर बसतात. अमेरिकेत हा खेळ मुख्यतः कॉलेजांच्या मैदानांवर वाढला, त्यामुळे मी तिथल्या कॉलेज विजेत्यांची यादी उघडली. सरळसाधा तक्ता होता : साल, विजेता, उपविजेता, स्कोअर. १९९०च्या ओळीपाशी मी थांबलो. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज विद्यापीठाने लॉयोला कॉलेजला २१-९ असं हरवलं होतं. सिरॅक्यूजच्या नावाला एक तारांकन होतं आणि खाली टीप : विजेतेपद रद्द.

माझं काम डेटाबेसचं. आमच्याकडे याला 'सॉफ्ट डिलीट' म्हणतात. नोंद पुसत नाहीत, तिच्यासमोर एक खूण करून ठेवतात. नोंद असते, पण मोजताना धरायची नाही.

मला लगेच आमच्या कॉलेजच्या जिमखान्यातला लाकडी बोर्ड आठवला. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना आमची व्हॉलीबॉल टीम झोनल स्पर्धा जिंकली होती. मला खेळता येत नव्हतं. मी एसटीने टीमच्या मागे मागे जाणाऱ्या पंधरावीस पोरांपैकी एक. चार गावं, चार मैदानं, मेसमधून पळवलेल्या थाळ्या आणि बसलेले घसे. दीड महिन्याने कळलं की एका खेळाडूचं वर्ष गेलेलं होतं, तो नियमात बसत नव्हता. ढाल परत गेली. बोर्डवर त्या वर्षापुढची जागा आजही कोरी आहे. चूक आमचीच होती, त्याबद्दल वाद नाही. प्रश्न एवढाच की त्या दीड महिन्यात आम्ही जे बघितलं, त्याचं काय झालं?

म्हणून १९९०च्या त्या ओळीच्या मागे लागलो.

*

कॉलेज लॅक्रॉसचा सीझन फेब्रुवारीत सुरू होतो आणि मेअखेरीला संपतो. सिरॅक्यूज हे अमेरिकेतल्या सगळ्यात जास्त बर्फ पडणाऱ्या शहरांपैकी एक. फेब्रुवारीत तिथे उघड्या मैदानावर बसणं ही शिक्षाच. पण विद्यापीठाने १९८० साली कॅरियर डोम हे हवेच्या दाबावर तोललेल्या छताचं प्रचंड स्टेडियम उभारलं. कॅरियर ही एअर कंडिशनर बनवणारी कंपनी, आणि तिच्या नावाच्या या डोमला मात्र कित्येक दशकं एसी नव्हता! बाहेर बर्फ, आत हिरवं कृत्रिम गवत, अशा ठिकाणी तिथल्या लोकांचा सीझन सुरू व्हायचा. शेजारपाजारचे प्रतिस्पर्धीही तासाभराच्या अंतरावर : इथाकाला कॉर्नेल, जिनिव्हाला हॉबार्ट. म्हणजे घरचा सामना असो की बाहेरचा, गाडी काढून जाता येतं. शेवटचे सामने मेअखेरच्या मेमोरियल डेच्या सुट्टीत होतात. तेव्हा स्टेडियमबाहेर गाड्या लावून, डिकी उघडून, शेगड्या पेटवून खाणंपिणं चालतं. आपल्याकडे जत्रेला जसे कुटुंबकबिल्यासकट जातात तसंच.

१९८७ ते १९९० ही चार वर्षं या मंडळींना गेट बंधू बघायला मिळाले. गॅरी आणि पॉल, जुळे भाऊ, कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या व्हिक्टोरियातून आलेले. दिसायला इतके सारखे की लोक त्यांना पाठीवरच्या नंबरावरून ओळखायचे : गॅरी २२, पॉल १९. त्यांच्या भागात लॅक्रॉस आइस हॉकीच्या बंदिस्त रिंकमध्ये खेळतात. जागा कमी, गोल लहान, त्यामुळे हात बारीक कामाला सरावलेले.

१९८८च्या उपांत्य सामन्यात, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाविरुद्ध, गॅरीने एक भलतीच गोष्ट केली. गोलभोवती एक वर्तुळ आखलेलं असतं, त्यात आक्रमकाने पाय ठेवायचा नाही. गॅरी गोलच्या मागून धावत आला, वर्तुळाच्या काठावरून हवेत झेपावला आणि खाली येण्याआधी आडव्या दांडीवरून हात पुढे घालून चेंडू वरून आत टाकला. पाय जमिनीला लागलेले नव्हते, म्हणजे नियम मोडलेला नव्हता. त्याच सामन्यात त्याने हे पुन्हा एकदा करून दाखवलं. सामना सिरॅक्यूजने ११-१० असा जेमतेम काढला. त्या उडीला पुढे 'एअर गेट' हे नाव पडलं आणि नियम बदलून तिच्यावर बंदी आली. यूट्यूबवर ती क्लिप आहे, जरूर बघा. अंतिम सामनाही कॅरियर डोममध्येच होता. वीस हजारांवर लोकांसमोर सिरॅक्यूजने कॉर्नेलला १३-८ हरवलं. पूर्ण सीझनमध्ये १५ पैकी १५ विजय, त्यात गॅरीचे ७० गोल.

१९८९ला जॉन्स हॉपकिन्सविरुद्ध १३-१२, एका गोलाने दुसरं विजेतेपद. आणि मग १९९०, गेट बंधूंचं शेवटचं वर्ष. १३ सामने, १३ विजय. उपांत्य फेरीत नॉर्थ कॅरोलायना २१-१०. अंतिम सामना न्यू जर्सीत रटगर्स विद्यापीठाच्या मैदानावर, सिरॅक्यूजहून साधारण चार तासांच्या ड्राइव्हवर. तिथे लॉयोला २१-९. कॉलेज लॅक्रॉसमधली आजवरची सगळ्यात भारी टीम कुठली, ही चर्चा आजही निघाली की १९९०च्या सिरॅक्यूजचं नाव येतंच.

काही वर्षांनी चौकशी झाली. प्रशिक्षक रॉय सिमन्स ज्युनिअर यांच्या पत्नीने पॉल गेटच्या गाडीच्या कर्जाला सही दिली होती, म्हणजे त्या जामीन राहिल्या होत्या. कॉलेज खेळाडूला खेळाडू म्हणून असा फायदा घेता येत नसे, हा राष्ट्रीय कॉलेज क्रीडा संघटनेचा तेव्हाचा नियम. पॉल त्या स्पर्धेपुरता अपात्र ठरला आणि विजेतेपद रद्द झालं.

हा नियम मूर्खपणाचा म्हणून उडवून लावणं मला जमत नाही. ज्या कॉलेजशी संबंधित लोक सढळ हाताने मदत करू शकतात, तिथे चांगले खेळाडू जाणार, आणि ज्यांच्याकडे ते नाही ती कॉलेजं मागे पडणार. नियम त्यासाठी होता. पण शिक्षेचा हिशेब बघा. विजेतेपद लॉयोलाला दिलं गेलं नाही. बारा गोलांनी हरलेल्या टीमला ढाल देऊन कुणाला बरं वाटलं असतं म्हणा. लॉयोलाला पहिलं विजेतेपद मिळायला २०१२ उजाडलं. म्हणजे १९९०च्या रकान्यात कुणीच जिंकलेलं नाही. सिरॅक्यूजची विजेतेपदं किती, या प्रश्नाला आज दोन उत्तरं आहेत : संघटनेला विचाराल तर १०, चाहत्यांना विचाराल तर ११.

*

पण सिरॅक्यूजच्या चाहत्यांसाठी ही पहिली वेळ नव्हती. कॅरियर डोम जिथे उभारलं, तिथेच आधी आर्चबोल्ड स्टेडियम होतं. तिथला १९५७चा सीझनही असाच तक्त्याबाहेर राहिला.

त्या टीममध्ये जिम ब्राउन होता. पुढे अमेरिकन फुटबॉलमधला सार्वकालिक महान खेळाडू म्हणून जग त्याला ओळखू लागलं. जॉर्जियातला हा कृष्णवर्णीय मुलगा आईकडे राहायला न्यूयॉर्कजवळच्या मॅनहॅसेटला आला आणि तिथल्या शाळेत लॅक्रॉस शिकला. सिरॅक्यूजने त्याला शिष्यवृत्ती दिली नव्हती. केनेथ मॉलॉय नावाच्या तिथल्या वकिलाने गावातून वर्गणी काढून त्याच्या पहिल्या वर्षाची सोय केली. म्हणजे ब्राउनचे पहिले चाहते ते वर्गणीदारच म्हणायचे. १९५६च्या मोसमात त्याने फुटबॉल गाजवला, तरी देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूच्या हाइजमन पुरस्कारासाठी मतमोजणीत तो पाचवा आला. मग वसंतात त्याने लॅक्रॉसची काठी हातात घेतली आणि १० सामन्यांत ४३ गोल केले.

१८ मे १९५७. सीझनचा शेवटचा सामना, समोर आर्मीची टीम. त्याच दिवशी कोलगेट विद्यापीठाबरोबर ॲथलेटिक्सची स्पर्धाही होती. ब्राउनने आधी उंच उडी जिंकली, थाळीफेक जिंकली, भालाफेकीत दुसरा आला. मग कपडे बदलून लॅक्रॉस खेळायला उतरला. सिरॅक्यूजने आर्मीला ८-६ हरवलं. १० पैकी १० विजय!

विजेतेपद मात्र मिळालं नाही. तेव्हा अंतिम सामना नावाचा प्रकारच नव्हता. बाद फेरीची राष्ट्रीय स्पर्धा १९७१ला सुरू झाली. त्याआधी कोण कुणाशी खेळलं, प्रतिस्पर्धी किती तगडे होते, असं बघून विनगेट ट्रॉफी दिली जायची. १९५७ची ट्रॉफी जॉन्स हॉपकिन्सला गेली. या ओळीला तारांकनसुद्धा नाही. त्या दिवशी स्टेडियममध्ये कोण बसलं होतं, त्यांनी काय बघितलं, हे तक्त्यात कुठेच येत नाही. जिम ब्राउन २०२३ साली वारला, तारीख पुन्हा १८ मे.

*

१९५७च्या त्या टीमचा गोलकीपर होता ओरेन लायन्स. त्याच्यापाशी आल्यावर मला कळलं की या सगळ्या प्रकरणात सिरॅक्यूजवर झालेला अन्याय सगळ्यात छोटा आहे.

लायन्स ऑनोंडागा समाजाचा. सिरॅक्यूज शहर आणि विद्यापीठ ज्या जमिनीवर उभं आहे ती मुळात ऑनोंडागांची. आज त्यांचा प्रदेश शहराच्या दक्षिणेला काही मैलांवर आहे. ऑनोंडागा, मोहॉक आणि आणखी चार समाज मिळून होडिनोशोनी संघ होतो. बाहेरचे लोक त्यांना इरॉक्वॉय म्हणत. लॅक्रॉस हा त्यांच्याकडून आलेला खेळ. त्यांच्या लेखी तो निर्मात्याने दिलेला खेळ आहे. कुणी आजारी असेल तर त्याला बरं वाटावं म्हणून तो खेळला जातो. मुलगा जन्मला की पाळण्यात छोटी काठी ठेवतात, माणूस गेला की काठी त्याच्यासोबत पुरतात.

एकोणिसाव्या शतकात कॅनडातल्या गोऱ्या लोकांनी हा खेळ उचलला, नियम लिहिले, संघटना काढली. १८८०ला त्या संघटनेने मूळनिवासींना विजेतेपदाच्या सामन्यांतून बाहेर काढलं. कारण काय, तर ते प्रवासखर्चासाठी पैसे घेतात, म्हणजे व्यावसायिक ठरतात. १९०४च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये मोहॉक खेळाडूंच्या टीमने लॅक्रॉसचं कांस्य मिळवलं, पण देश म्हणून नोंद कॅनडाची.

लायन्सने शिक्षण संपवलं, चित्रकार म्हणून न्यूयॉर्कमध्ये काम केलं, मग परत जाऊन आपल्या समाजाची परंपरा सांभाळणाऱ्यांपैकी एक झाला. १९८३ला त्याने काही सहकाऱ्यांसोबत होडिनोशोनींची स्वतःची राष्ट्रीय टीम उभी केली. ती टीम पहिल्यांदा जागतिक स्पर्धेत उतरली ऑस्ट्रेलियातल्या पर्थला, स्वतःचे पासपोर्ट घेऊन. साल होतं १९९०.

म्हणजे ज्या वर्षाच्या तक्त्यातून सिरॅक्यूजचं नाव पुढे बाद झालं, त्याच वर्षाच्या उन्हाळ्यात सिरॅक्यूजच्या एका जुन्या गोलकीपरने आपल्या लोकांचं नाव दुसऱ्या तक्त्यात लिहून घेतलं. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. पण एकत्र वाचल्यावर तारांकनाबद्दलची माझी चिडचिड जरा खाली बसली. सिरॅक्यूजला निदान खेळू तरी दिलं होतं.

२०१०ला ब्रिटनने होडिनोशोनींचे पासपोर्ट मान्य केले नाहीत आणि टीम मँचेस्टरच्या जागतिक स्पर्धेला मुकली. २०१४, २०१८, २०२३ अशी लागोपाठ तीन वेळा ती जगात तिसरी आली. ऑलिंपिकच्या नियमानुसार मात्र राष्ट्रीय ऑलिंपिक समिती असलेल्या देशालाच टीम पाठवता येते. मुंबईच्या निर्णयानंतर दोनेक महिन्यांत तेव्हाचे अमेरिकेचे अध्यक्ष बायडेन यांनीही म्हटलं, की होडिनोशोनींना स्वतःच्या झेंड्याखाली खेळू द्यावं. खेळ ज्यांचा, त्यांनाच त्यात घेण्यासाठी वेगळी परवानगी लागते. आणि ज्या दिवशी आपल्या मुंबईत हा खेळ ऑलिंपिकमध्ये परत आला, त्या दिवशी आम्ही क्रिकेटचे स्टिकर पाठवत होतो.

*

हे सगळं वाचून झाल्यावर मी 'एअर गेट'ची क्लिप आमच्या व्हॉलीबॉलवाल्या जुन्या ग्रुपवर टाकली, खाली १९९०ची गोष्ट चार ओळींत लिहिली. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग ज्याचं वर्ष गेलं होतं त्याचा मेसेज आला. तो या ग्रुपवर एरवी वाढदिवसालासुद्धा बोलत नाही.

"आपली फायनल कुणी शूट केली होती का रे?"

एकाकडे निघाली. सतरा सेकंदांची. हात इतका हललाय की चेंडू कुठे दिसतच नाही. नेट दिसतं, मग आकाश, मग कुणाचं तरी डोकं. आवाज मात्र स्वच्छ आहे. थाळ्या वाजतायत आणि आम्ही पंधरावीस जण त्याचंच नाव घेऊन ओरडतोय.