हिशेबाच्या वहीतली कुणबीण

दरवर्षी मार्चअखेर आमच्या कार्यालयात डेडस्टॉक रजिस्टरची तपासणी होते. टेबले किती, कपाटे किती, मोडक्या खुर्च्या किती, सगळे मोजायचे आणि खाली सही ठोकायची. हे काम अंगवळणी पडल्यामुळेच असेल, पेशवेकालीन कागदांविषयी वाचताना एका जागी मी थबकलो. तिथल्या सरकारी हिशेबात बायकाही होत्या.

त्यांना ‘कुणबिणी’ किंवा ‘बटकी’ म्हणत. कुणबी घरातल्या बाईलाही आपण कुणबीण म्हणतो, पण दप्तरात या शब्दाचा अर्थ दासी असा आहे. कोठीत धान्य निवडणे, दळणकांडण, पागेतले शेणगोठा अशी कामे त्यांच्याकडे असत. काही विकत घेतलेल्या, काही दासीच्या पोटी जन्मलेल्या, तर काहींना बदचालीचा आरोप ठेवून सरकारनेच दासी केलेले. बदचालीच्या शिक्षेतली ही गुलामी बाईच्याच वाट्याला येई.

हे आपल्याला कळले कसे? त्या बायकांनी काही लिहून ठेवले नाही. लिहिले ते मालकाच्या कारकुनाने, आणि तेही पैशाचा हिशेब चुकू नये म्हणून. खरेदीची किंमत, रोजचा शिधा, वर्षाची लुगडी, कोणाला बक्षीस दिली, म्हातारी झाली म्हणून किंवा मोबदला घेऊन सोडली, अशा त्या नोंदी. पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी रुमालांत असे कागद आहेत. छापील पेशवे रोजनिशींतल्या नोंदींवरून हिरोशी फुकाझावा या जपानी अभ्यासकाने मराठी राज्यातील गुलामीवर निबंध लिहिला.

मालकाची वही माणसाचे दुःख सांगत नाही. पण एखादीच्या नावापुढे ‘लेकरासुद्धा’ एवढे लिहिलेले असले तरी कळते की मूलही आईसोबत मालकाचेच झाले. लिहिणाऱ्याच्या मनात नसलेली साक्ष ती वही देऊन जाते.

आपल्या इतिहासाची दुसरी बाजूही आहे. १६७७ साली कर्नाटकच्या स्वारीत शिवाजी महाराजांनी डच कंपनीला दिलेल्या कौलात गुलामांच्या खरेदी-विक्रीला मनाई केली होती. ते आपण अभिमानाने सांगतो, सांगायलाच हवे. मग शंभर वर्षांनंतरच्या कुणबिणींची नोंदही त्याच तोंडाने सांगायला हवी.

आपण पिढ्यान्‌पिढ्या राहतो त्या सुरत जिल्ह्यालाही हे नवे नाही. इथे हाली प्रथा होती. दुबळा समाजातला (पुढे याच समाजाला हळपती म्हणू लागले) तरुण लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घेई. ते फिटत नसे. तो जन्मभर शेतावर राबे, बायको मालकाच्या घरी काम करी, आणि मुलगा लग्नाला आला की त्याच्या नावाने नवे कर्ज. जमीनदाराच्या चोपड्यात ही नोंद उधारीची, पण त्या उधारीत अख्खे घर बांधलेले असे. कंपनी सरकारने १८४३ च्या कायद्याने गुलामीची कायदेशीर मान्यता काढून घेतली, तरी हाली राहिले. वेठबिगार बंद करणारा कायदा आला तो १९७६ साली.

आपल्यापैकी कित्येकांच्या घरी जुन्या पेटीत मोडी कागद आहेत. माझ्याही घरी आहेत. पणजोबांच्या वेळचे ते कागद मी आजवर कुणाकडून वाचून घेतलेले नाहीत. खरे सांगायचे तर थोडी भीती वाटते. इनामाची सनद निघाली तर फ्रेम करून भिंतीवर लावू, पण कुणबिणीच्या खरेदीची याद निघाली तर?

आता ठरवले आहे, यंदा विसर्जनानंतर मोडी जाणणाऱ्या कुणाकडून ते वाचून घ्यायचे. आपणही घ्या. कागद वाळवीला किंवा रद्दीवाल्याला देऊ नका. ‘सत्तेची बटीक’ हा शब्द आपण वर्तमानपत्रात रोज वाचतो. खरोखरची बटीक कदाचित आपल्याच पेटीत एका ओळीपुरती उरली असेल, आणि तिची दुसरी नोंद कुठेच नसेल.