मालेगावचा सुपरमॅन

गेल्या दिवाळीत धाकटा भाऊ बीडला आला, तेव्हा फराळाच्या ताटाशेजारी आपला संगणक मांडून म्हणाला, “दादा, मालेगावचा सुपरमॅन बघायचाय?” लहानपणी जत्रेतल्या तंबूत मांडीला मांडी लावून हाणामारीचे सिनेमे पाहिलेले आम्ही, मी लगेच सरसावून बसलो.

१९३५ साली मुंबईच्या वाडिया मूव्हिटोनने ‘हंटरवाली’ काढून नादियाच्या हाती चाबूक दिला. पण त्यांच्यापाशी निदान स्टुडिओ तरी होता! मालेगावच्या शेख नासिरपाशी काय, तर एक लहानसा कॅमेरा आणि व्हिडिओ पार्लर चालवताना तयार झालेली नजर. गावच्याच मंडळींना घेऊन त्याने ‘मालेगाव के शोले’ केला. मग स्वारी सुपरमॅनकडे वळली. तो सारा खटाटोप फैजा अहमद खान यांनी आपल्या माहितीपटात टिपला आहे.

त्यातला उडण्याचा भाग मोठा बहारीचा. पाठीमागे हिरवे कापड धरायचे, आणि मागाहून संगणकावर तो हिरवा रंग पुसून तिथे आभाळ भरायचे. नायक शफीक शेख हा यंत्रमागावरचा मजूर, अंगाने काडीसारखा. वीराच्या चड्डीची नाडी लोंबत राहिलेली! हसता हसता भावाला चिवड्याचा ठसका लागला.

माहितीपट संपल्यावर मी त्याला सांगितले, की २०१२ साली हा भारतातल्या चित्रगृहांत लागला, त्याआधीच शफीक कर्करोगाने गेला होता.

भाऊ काही बोलला नाही. त्याने चित्र मागे नेले आणि तो उडण्याचा भाग पुन्हा लावला.