वळचणीखालचं शिल्प

किलपेकच्या चर्चच्या वळचणीखाली एक कुत्रा आणि एक ससा एकमेकांना खेटून बसले आहेत. कुत्र्याचे कान खाली पडलेले, डोळे वाटोळे, चेहरा काहीसा बिचारा. एरवी एक शिकारी आणि दुसरा त्याची शिकार. इथे मात्र दोघं जत्रेत हरवलेल्या भावंडांसारखे दिसतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी अलीकडे गंमत म्हणून ते बसवले असावेत. प्रत्यक्षात ते इसवी सन ११४०च्या आसपासचे आहेत.

किलपेक हे हेरफर्डशर परगण्यातलं, वेल्सच्या सीमेजवळचं लहानसं खेडं. चर्चही लहान, तांबूस वालुकाश्मात बांधलेलं. छताखाली भिंतीतून बाहेर काढलेल्या दगडांची, म्हणजे कॉर्बेलांची, एक ओळ इमारतीभोवती फिरते. त्यांतले ८५च्या आसपास आज शिल्लक आहेत. कुठे मेंढा, कुठे अस्वल, कुठे वाद्य वाजवणारा माणूस, कुठे क्रूस धरलेलं ख्रिस्ताचं कोकरू. त्यांच्यातच आपलं गुह्यांग दोन्ही हातांनी उघडून दाखवणारी एक बाई आहे. अशा मूर्तींना शीला-ना-गिग म्हणतात. तिचा अर्थ काय, यावर विद्वानांचं आजही एकमत नाही. प्रार्थनेला येणारी माणसं मात्र शतकानुशतकं तिच्या खालून जात-येत राहिली.

दक्षिणेकडचं दार हे या चर्चचं वैभव. दाराच्या माथ्यावर अर्धवर्तुळाकार दगडात एक वेल, बहुधा जीवनवृक्ष. बाजूच्या खांबांवर साप, पक्षी, आणि वेलींच्या जाळ्यात गुरफटलेले दोन सडपातळ योद्धे. त्यांच्या अंगावर सैल विजारी आहेत, आणि कपड्यांच्या चुण्या समांतर रेषांनी कोरल्या आहेत, शेत नांगरल्यावर पडणाऱ्या तासांसारख्या. या रेषा एकदा डोळ्यांत बसल्या की आजूबाजूच्या गावांत तोच हात ओळखू येतो. अर्डिस्लीच्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या कुंडावर दोन योद्धे झुंजत आहेत, त्यांच्याही अंगावर याच चुण्या आहेत.

या शैलीला रोमनेस्क म्हणतात. इंग्लंडमध्ये सरसकट नॉर्मन. १०६६मध्ये नॉर्मनांनी देश जिंकला आणि पुढच्या शंभरेक वर्षांत जाड भिंतींची, अर्धगोल कमानींची चर्चं गावोगाव उभी राहिली. पण हेरफर्डशरची शिल्पं फक्त जेत्यांची नाहीत. त्यांच्या साप-ड्रॅगनांच्या गुंत्यात जुन्या इंग्लंडचा आणि उत्तरेकडच्या समुद्री लोकांचा हात दिसतो, तर काही मांडणी थेट फ्रान्स आणि स्पेनची आठवण करून देते.

हा दूरचा धागा कसा जुळला असावा, याचा माग एका कारभाऱ्यापाशी पोहोचतो. विगमोरचा सरदार ह्यू मॉर्टिमर याचा कारभारी ऑलिव्हर द मर्लिमाँ हा स्पेनमधल्या सांतिआगो द कोंपोस्तेलाच्या यात्रेला गेला होता. याच परगण्याच्या उत्तर भागात शॉब्डन इथे त्याने चर्च बांधलं. विगमोरच्या मठाच्या बखरीत ही हकीकत आहे. यात्रेकरूचं नाव आहे, मालकाचं आहे, चर्चची प्रतिष्ठापना करणाऱ्या बिशपचंही आहे. पाथरवटाचं मात्र नाही. किलपेकच्या आतल्या कमानीवर संत एकाच्या डोक्यावर एक असे उभे आहेत. तसेच सांतिआगोच्या दक्षिण दारावरही आहेत. कुणी पाहून आलं, कुणी सांगितलं, कुणी कोरलं. एवढाच काय तो आपल्या हाती लागलेला दुवा.

शॉब्डन आणि किलपेक ही एकाच कारागिरीची दोन अपत्यं. पण शॉब्डनचं चर्च १७५०च्या दशकात पाडलं गेलं. जमीनदार बेटमन घराण्याला नव्या चालीचं, हलक्याफुलक्या गॉथिक नक्षीचं चर्च हवं होतं. ते उभं राहिलं आणि आजही आहे. आतून पांढरंशुभ्र, केकवरच्या साखरेच्या नक्षीसारखं. जुन्या चर्चचा तिरस्कार कुणी केला नव्हता, उलट त्यातल्या कोरीव कमानी मोलाच्या वाटल्या. म्हणूनच त्या काळजीपूर्वक काढून, जवळच्या चढावर, हवेलीच्या परिसराची शोभा म्हणून उघड्यावर पुन्हा उभ्या केल्या.

मी तिथे गेले त्या दिवशी पाऊस नुकताच थांबला होता. गवतातून चढ चढून वर गेलं की तीन कमानी समोर येतात. लांबून भव्य वाटतात. जवळ गेले तेव्हा आधी खांबांवर काही दिसेचना. मग कळलं, हे जे साबणाच्या वडीसारखं झिजलेलं दिसतंय, ते वेलींत गुरफटलेले योद्धेच आहेत, किलपेकला पाहिलेले. मधली कमान मूळची चर्चच्या आतली, वेदीकडे नेणारी. तिने सहा शतकं पाऊस पाहिलाच नव्हता. पुढच्या पावणेतीनशे वर्षांच्या पावसाने आणि थंडीने तिचे चेहरे पुसून टाकले. सिंहासनावरचा ख्रिस्त, नरकात उतरून माणसांना ओढून वर काढणारा ख्रिस्त, असे दोन अर्धगोल फलक इथे होते. ते काय होते हे कळतं ते मुख्यतः जॉर्ज लुईस या चित्रकारामुळे. त्याने किलपेकची चित्रं १८४२मध्ये आणि शॉब्डनची १८५२मध्ये प्रसिद्ध केली. तो चितारत होता तेव्हाही शॉब्डनचा दगड झिजतच होता.

किलपेकला असं कौतुक कुणी केलं नाही. शेजारचा किल्ला ढासळला. आज टेकाडावर भिंतींचे एकदोन तुकडे उरलेत. चर्च पाडून नवं बांधण्याइतका पैसा आणि हौस असलेला धनी गावाला मिळाला नाही. दगडही चिवट निघाला. आणि मुख्य म्हणजे चर्च वापरात राहिलं. वापरात असलेल्या इमारतीचं छप्पर कुणीतरी शाकारतं. १८४८मध्ये कॉटिंगहॅम या वास्तुविशारदाने डागडुजी केली, पण शिल्पं आपापल्या जागीच राहिली. कुत्रा आणि ससा वळचणीखाली होते, आणि वळचण शाबूत होती.

या शिल्पांकडे आस्थेने पाहणाऱ्यांत एक परका माणूस होता, याचं मला विशेष वाटतं. जॉर्ज झार्नेत्स्की हा पोलंडचा. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये कैद, मग स्पेनमध्ये स्थानबद्ध, आणि १९४३मध्ये इंग्लंडात. बाराव्या शतकातल्या इंग्लिश शिल्पांच्या प्रादेशिक शैलींवर त्याने प्रबंध लिहिला आणि आयुष्यभर त्यांचाच अभ्यास केला. उतारवयात ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या प्रत्येक रोमनेस्क शिल्पाची नोंद करण्याचा प्रकल्प त्याने सुरू केला. तो गेला २००८मध्ये. प्रकल्प अजून चालू आहे. स्वयंसेवक खेड्यापाड्यांत जातात, मापं घेतात, फोटो काढतात. त्यांतले बहुतेक दगड कुठल्याच पर्यटनपुस्तिकेत नसतात.

पण नोंद म्हणजे छप्पर नव्हे, हे लुईसच्या चित्रांवरूनच कळतं. चर्च ऑफ इंग्लंडची सोळा हजारांच्या आसपास चर्चं आहेत आणि त्यांच्या दुरुस्तीचा भार प्रामुख्याने त्या त्या गावच्या मंडळावर पडतो. रविवारी जेमतेम दहा-पंधरा डोकी जमतात अशा गावांनी बाराव्या शतकाचं छप्पर सांभाळायचं. त्यात छतावरचं शिसं चोरीला जातं. चर्च बंद पडलं तर शिल्पं संग्रहालयात नेता येतील, असं कुणी म्हणेलही. शॉब्डनलाही ती हलवलीच होती, आणि तीही मोलाची म्हणूनच.

किलपेकहून निघताना मी आत एक फेरी मारली. दाराशी टेबलावर एक वही होती: फुलं कुणी आणायची, झाडलोट कुणाची पाळी. त्यातच एका ओळीत पन्हळ साफ करण्याची तारीख होती. पुढे दोन नावं लिहिलेली होती, आणि तिसरी जागा रिकामी होती.