नवी चाके बसवल्यावर गाडी थरथरते किंवा ओढते : दोष कसा ओळखावा?

स्टीलची चाके काढून अलॉय व्हील बसवली आणि गाडी रुबाबदार दिसू लागली. पण शहराबाहेर पडून वेग ताशी ९० च्या आसपास गेला की स्टेअरिंग हातात थरथरू लागते. ही तक्रार फार नेहमीची आहे. तिच्यावर नेहमीचा उपायही ठरलेला : ‘अलाइनमेंट करून घ्या.’ पैसे जातात आणि थरथर तशीच राहते.

याचे कारण सोपे आहे. अलाइनमेंट म्हणजे चाके रस्त्याशी आणि एकमेकांशी कोणत्या कोनात उभी आहेत ते. हे कोन सस्पेन्शन आणि स्टेअरिंगचे भाग ठरवतात. चार नट काढून दुसरे चाक लावल्याने ते बदलत नाहीत. बॅलन्सिंग मात्र चाक आणि टायर यांचे वजन फिरताना सगळीकडे सारखे आहे की नाही, याच्याशी संबंधित आहे. म्हणून ढोबळ नियम असा : गाडी थरथरत असेल तर संशय चाक, टायर आणि त्यांच्या बसवणीवर घ्यावा. गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा सरळ जाताना स्टेअरिंग वाकडे राहत असेल, तर अलाइनमेंटचा विचार करावा.

थरथर कोणत्या वेगाला येते हे आधी नीट पाहा. बॅलन्सिंगचा दोष सहसा ताशी ८० ते ११० च्या दरम्यान जाणवतो आणि कधी कधी त्याहून जास्त वेगात पुन्हा कमी होतो. म्हणूनच शहरात कळत नाही आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कळते. १८५/६५ आर १५ मापाचा टायर ताशी १०० च्या वेगाला सेकंदाला सुमारे १४ वेळा फिरतो. रिमच्या कडेला फक्त २० ग्रॅमचा फरक असेल, तर या वेगाला तो चाकाला प्रत्येक फेरीत सुमारे ३ किलो वजनाइतक्या जोराने बाहेर खेचतो. वेग निम्मा केला की हा जोर चौथाईवर येतो. थरथर स्टेअरिंगमध्ये असेल तर बहुधा पुढचे चाक दोषी असते. सीटखाली किंवा फरशीत जाणवत असेल तर मागचे.

ताशी ३०-४० च्या वेगालाच गाडी डुलत असेल, तर बॅलन्सिंगने काम होणार नाही. रिम वाकलेली असते, टायर रिमवर सगळीकडे नीट बसलेला नसतो किंवा टायरच्या आतले पट्टे सुटलेले असतात. गाडी जॅकवर घेऊन, खाली आधार देऊन, चाक हाताने फिरवा आणि शेजारी एखादी काडी स्थिर धरा. काडी आणि रिममधले अंतर कमीजास्त होताना डोळ्यांनी दिसते. थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल, तर ब्रेकच्या डिस्क पाहाव्यात. एअर गनने नट कमीजास्त आवळल्यामुळेही डिस्क किंचित वाकडी बसू शकते.

आता सर्वांत जास्त गोंधळ होतो ती बाब. बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक शून्य दाखवते, गाडीवर लावले की थरथरते, आणि टायरवाला म्हणतो मशीन बरोबर आहे. दोघांचेही खरे असू शकते. मशीन चाकाला मधल्या भोकातून, शंकूने पकडते. गाडीवर ते चाक हबच्या मधल्या उंचवट्यावर बसायला हवे. कंपनीच्या चाकाचे भोक हबच्या बरोबर मापाचे असते. मारुती स्विफ्टचे ५४.१ मिलिमीटर आहे. बाजारातली अलॉय व्हील अनेक गाड्यांना चालावीत म्हणून त्यांचे भोक मोठे ठेवतात, बरेचदा ७३.१ मिलिमीटर. मग चाक मधोमध आणण्याचे काम फक्त नट करतात. ते एका बाजूने आधी घट्ट केले, तर चाक केसभर सरकलेले राहते. उपाय स्वस्त आहे : मधली पोकळी भरणारी प्लॅस्टिकची किंवा अॅल्युमिनियमची हब रिंग. नवी चाके घेताना दुकानदाराला ‘रिंग आहेत का’ हे विचारलेच पाहिजे.

हबवरचा गंजही असाच फसवतो. जुने चाक काढल्यावर हबच्या सपाट भागावर गंजाचा थर असतो, विशेषतः पावसाळ्यानंतर किंवा समुद्राजवळच्या गावांत. त्यावरच नवे चाक दाबून बसवले आणि एका बाजूला अर्ध्या मिलिमीटरचा थर राहिला, तर टायरच्या कडेपर्यंत तो दोन मिलिमीटरच्या आसपास झोल होतो. तारेचा ब्रश मारून हब साफ करायला पाच मिनिटे लागतात. घाईत हेच राहून जाते.

नट हा विषय थरथरीपुरता नाही, जिवाचा आहे. बाजारातल्या बहुतेक अलॉय व्हीलना शंकूच्या आकाराचे बूड असलेले नट लागतात. होंडाच्या मूळ चाकांचे नट गोल बुडाचे असतात आणि टोयोटाच्या मूळ अलॉयचे सपाट वॉशरचे. जुने नट नव्या चाकात आवळले गेले तरी ते कडेवरच टेकतात आणि धावताना सैल होतात. आटेही सारखे नसतात : मारुतीचे १.२५ मिलिमीटरचे, होंडाचे १.५ चे. तसेच ४×९८ आणि ४×१०० या दोन मापांत नटांच्या वर्तुळाचा फरक फक्त २ मिलिमीटर आहे. जोर लावला तर चुकीचे चाक बसतेसुद्धा, पण स्टडवर कायम ताण राहतो. नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क रेंचने आवळावेत. छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर लागतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. अलॉय बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. चाकातून टकटक आवाज येत असेल आणि थरथर वाढतच असेल, तर घरी पोहोचायची वाट न पाहता गाडी बाजूला घ्यावी.

बसवताना सगळे ठीक होते आणि महिन्याभराने थरथर सुरू झाली, तर रिमच्या आतल्या बाजूला नजर टाका. अलॉयवर वजने चिकटवलेली असतात. धुळीत एखादा चौकोनी स्वच्छ डाग दिसला, तर तिथले वजन पडले आहे. आत वाळलेला चिखल असेल तर आधी चाक धुऊन पाहावे, बॅलन्सिंग नंतर.

गाडी ओढत असेल तर पहिल्यांदा चारही टायरची हवा थंड असताना मोजा. आपण डावीकडून चालतो आणि पाणी वाहून जावे म्हणून रस्ता कडेकडे उतरता असतो, त्यामुळे गाडी हलकेच डावीकडे जाणे हा दोष नाही. हवा बरोबर असूनही ओढ राहिली, तर पुढची दोन चाके एकमेकांच्या जागी लावून पाहा. ओढण्याची बाजू बदलली तर दोष टायरच्या बनावटीत आहे. तीच राहिली तर अलाइनमेंट किंवा अडकलेला ब्रेक. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर ही अदलाबदल करू नका. त्याऐवजी त्याच बाजूचे पुढचे-मागचे चाक बदलून पाहा.

नव्या चाकांचा ऑफसेट वेगळा असेल तरी वागणूक बदलते. ईटी ४५ च्या जागी ईटी ३५ लावले, तर चाकाचा मध्य १० मिलिमीटर बाहेर येतो. स्टेअरिंग जड वाटते, गाडी रस्त्यावरच्या चाकोऱ्यांमागे जाऊ पाहते आणि बेअरिंगवर भार वाढतो. कोन तेच असल्यामुळे कोणतेही अलाइनमेंट मशीन हे दाखवणार नाही.

एवढे सगळे तपासून अलाइनमेंटला गेलात, तर आधीचे आणि नंतरचे आकडे असलेला कागद मागून घ्या. बऱ्याच छोट्या गाड्यांत पुढच्या चाकांचा टो तेवढाच जुळवता येतो. कॅम्बर बदलायची सोय कंपनीने दिलेली नसते. त्यामुळे कॅम्बरचा आकडा लाल दिसत असेल, तर ते सहसा खड्ड्यात आपटून वाकलेल्या भागाचे लक्षण असते आणि तो भाग आधी बदलावा लागतो. टो जुळवताना दोन्ही बाजूंचे टाय रॉड फिरवायला हवेत. एकाच बाजूने फिरवला, तर आकडे हिरवे होतात पण स्टेअरिंग वाकडे राहते.