नर्मदेपलीकडची छापील पाने

खातेगांव, कन्नोद व नेमावर हा टापू होळकर संस्थानात नेमावर जिल्ह्यात मोडत असे. दक्षिणेस नर्मदा, अलीकडच्या तीरावर नेमावरचे सिद्धनाथाचे देऊळ, समोरच्या तीरावर हंडिया. आमच्या पूर्वजांच्या काळी हे पात्र म्हणजे दोन राज्यांची सीमा होती. अलीकडे होळकरशाही, पलीकडे इंग्रजी अंमलातील होशंगाबाद जिल्हा. या भागातील वृत्तपत्रांचा इतिहास समजून घ्यावयाचा तर आधी ही सीमा ध्यानी घ्यावी लागते.

माळव्यात वृत्तपत्र फार उशिरा आले असे नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी 1832 मध्ये मुंबईस ‘दर्पण’ काढले. त्यानंतर सोळा वर्षांनी, 1848 मध्ये, इंदुरास ‘मालवा अखबार’ निघाला. दरबार मराठी, पण हे पत्र हिंदी व उर्दू अशा दोन भाषांत छापले जाई. बाजाराची भाषा कोणती, हे त्याच्या चालकांनी ओळखले होते.

मराठी साप्ताहिके निघाली ती नदीपलीकडे : हरद्याहून ‘न्यायसुधा’ आणि खंडव्याहून ‘सुबोधसिंधु’. यास दोन कारणे आम्हांस दिसतात. पहिले रेल्वेचे. मुंबई-जबलपूर लोहमार्ग 1870 मध्ये पूर्ण झाला आणि ही दोन्ही गावे रुळांवर आली. रेल्वेमागोमाग वकील, कारकून, शिक्षक व टपाल आले; अशा पत्रांचा वर्गणीदार आणि बातमीदार याच मंडळींत सापडावयाचा. दुसरे कारण कायद्याचे. इंग्रजी मुलखात 1867 च्या कायद्यानुसार मुद्रक व प्रकाशक यांनी मॅजिस्ट्रेटसमोर आपले नाव-ठिकाण जाहीर केले की पत्र काढता येई. 1878 च्या कायद्याने देशी भाषांतील पत्रांची मुस्कटदाबी झाली खरी. तरी संस्थानात जे दरबाराच्या मर्जीवर चाले, ते तेथे निदान लेखी नियमावर चाले. पलीकडे छापलेले संस्थानिकांना किती झोंबत असे, याची साक्ष 1922 चा कायदा देतो. संस्थानिकांविषयी अप्रीती पसरविणारे लिखाण त्याने ब्रिटिश हद्दीतही दंडनीय ठरविले.

पुढे ही मराठी पत्रे मावळली. मराठी लेखणी मात्र थांबली नाही, तिने भाषा बदलली. दमोह जिल्ह्यात जन्मलेल्या माधवराव सप्रे यांनी 1900 साली पेंड्राहून ‘छत्तीसगढ मित्र’ आणि 1907 साली नागपुराहून ‘हिंदी केसरी’ काढला. माखनलाल चतुर्वेदींचा ‘कर्मवीर’ 1920 मध्ये जबलपुरास सुरू होऊन 1925 मध्ये खंडव्यास आला. त्याच्या संपादनास हातभार लावणाऱ्या सिद्धनाथ माधव आगरकरांनी पुढे खंडव्याहूनच ‘स्वराज्य’ चालविला. इंदुरास 1947 मध्ये निघालेल्या ‘नई दुनिया’चे राहुल बारपुते यांनी दीर्घकाळ संपादन केले.

यात आपण काही गमावले काय? गमावले, हे मान्य केले पाहिजे. ज्या दिवशी आपल्या घरी हिंदी पत्र येऊ लागले आणि मराठी पत्र केवळ पुण्या-मुंबईचे उरले, त्या दिवसापासून आपल्या गावची बातमी आपण आपल्या भाषेत वाचलेली नाही. पण ज्यांच्यामध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलो, त्यांच्या भाषेत त्यांचे गाऱ्हाणे मांडणे हा परधर्म होता, असेही आम्ही म्हणणार नाही. सप्रे-बारपुत्यांनी मराठी सोडली नाही. त्यांनी हिंदी जोडली.

दोष द्यावयाचा तर तो जतनाच्या बाबतीत. लहान गावच्या पत्रात पीकपाणी, पूर, शाळेचे बक्षीस, कुणाचे निधन हे सारे असते; मोठ्या पत्रात ते येत नाही आणि सरकारी दप्तरात आले तरी आकड्यांपुरते. ही पाने आपणच फडताळात अंथरली, त्यांच्या पुड्या बांधल्या आणि उरलेली रद्दीत घातली. भोपाळचे माधवराव सप्रे स्मृती समाचारपत्र संग्रहालय 1984 पासून अशी पत्रे जमवून जपत आले आहे. आपल्या घरच्या पेटाऱ्याच्या तळाशी एखादा पिवळा अंक असेल, तर तो वाळवीच्या आधी आपल्या हाती लागावा, एवढीच वाचकांस विनंती.