रणगाड्यांच्या लघुप्रतिकृती

रणगाड्यांच्या लघुप्रतिकृती म्हणजे खऱ्या रणगाड्याची मापे ठरावीक गुणोत्तरात कमी करून प्लास्टिक, रेझिन किंवा धातूच्या सुट्या भागांपासून जोडलेली व रंगवलेली स्थिर प्रतिरूपे होत. अशी प्रतिकृती जमीन, झाडे, पडक्या भिंती आणि सैनिकांच्या मूर्ती यांच्यासह एखाद्या प्रसंगाच्या रूपात मांडली असता त्या देखाव्यास डायोरामा म्हणतात. एक-दोन मूर्तींच्या लहान देखाव्यास व्हिन्येट असे नाव आहे. खेळण्यातील रणगाडा हा केवळ रणगाड्यासारखा दिसतो. लघुप्रतिकृती मात्र विशिष्ट वाहन विशिष्ट काळी व स्थळी कसे दिसत होते हे दाखवण्याचा दावा करते. त्यामुळे तिच्यावरील प्रत्येक रंगास, चिन्हास आणि ओरखड्यास कारण असावे लागते.

प्रमाण

प्रतिकृतीच्या मापाचे खऱ्या वाहनाच्या मापाशी असलेले गुणोत्तर म्हणजे प्रमाण. रणगाड्यांसाठी १:३५ हे प्रमाण सर्वाधिक प्रचलित असून १:१६, १:४८, १:७२ आणि १:७६ ही प्रमाणेही वापरात आहेत. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन टायगर १ या रणगाड्याची तोफेसह लांबी सुमारे ८.४५ मीटर होती. १:३५ प्रमाणात ती सुमारे २४ सेंटिमीटर, तर १:७२ प्रमाणात १२ सेंटिमीटरांहून किंचित कमी भरते. पावणेदोन मीटर उंचीचा सैनिक १:३५ मध्ये ५ सेंटिमीटर उंच होतो.

एका देखाव्यातील सर्व वस्तू एकाच प्रमाणात असणे हा या कलेचा मूलभूत नियम आहे. महाराष्ट्रात दिवाळीत मुले बांधतात त्या मातीच्या किल्ल्यावर मावळा दरवाजापेक्षा उंच असला तरी चालते, कारण तेथे महत्त्व प्रसंगाला असते. डायोरामात मात्र एखादी वीट किंवा बादली चुकीच्या मापाची असली तरी संपूर्ण दृश्याचा आभास भंग पावतो. हाच नियम रंगकामालाही लागू होतो. १:३५ प्रतिकृतीवरील एक मिलिमीटरचा ओरखडा म्हणजे खऱ्या वाहनावरील साडेतीन सेंटिमीटर रुंदीची खरवड होय.

इतिहास

‘डायोरामा’ हा शब्द १८२२ मध्ये लुई दागेर आणि शार्ल बुताँ यांनी पॅरिस येथे सुरू केलेल्या भव्य चित्रदृश्यांच्या प्रयोगामुळे रूढ झाला. पुढे संग्रहालयांतील त्रिमितीय देखाव्यांनाही हेच नाव मिळाले. रणगाडा प्रथम १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या लढाईत युद्धभूमीवर उतरला. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची वाहने ओळखण्याच्या प्रशिक्षणासाठी लहान प्रतिकृतींचा उपयोग केला गेला.

युद्धानंतर पॉलिस्टायरिन प्लास्टिकचे साच्यातून काढलेले संच स्वस्त झाले आणि हा छंद सर्वसामान्यांपर्यंत पोहोचला. ब्रिटनमधील एअरफिक्स कंपनीने १९६० च्या दशकाच्या प्रारंभी १:७६ प्रमाणातील रणगाडे बाजारात आणले. जपानमधील शिझुओका येथील तामिया ही कंपनी मूळची लाकूड कापण्याची गिरणी होती. तिने याच सुमारास जर्मन पँथर रणगाड्याचा मोटरवर चालणारा संच तयार केला. आत विजेचे सेल मावतील असा आकार ठरवल्यावर त्याचे प्रमाण १:३५ च्या जवळ आले. ते कोणत्याही पूर्वनियोजित मापनपद्धतीतून आलेले नव्हते. मात्र पुढील संचही त्याच मापात काढले गेल्याने ते जागतिक मानक बनले. १९६८ पासून तामियाने सैनिकांच्या मूर्ती व वाहने यांची स्वतंत्र मालिका सुरू केली आणि मोटरविरहित, केवळ प्रदर्शनासाठी असलेल्या प्रतिकृतींना चालना मिळाली.

१९७० च्या दशकात अमेरिकन कलावंत शेपर्ड पेन यांनी मोनोग्राम कंपनीच्या संचांसाठी तयार केलेले देखावे व त्यांच्या कृतीची माहितीपत्रके लोकप्रिय झाली. देखाव्याने एक गोष्ट सांगितली पाहिजे, हा विचार त्यांच्या लेखनातून दृढ झाला. बेल्जियममधील फ्रांस्वा व्हेर्लिंडेन यांनी रेझिनचे जोडभाग आणि ठळक छायाप्रकाशाची शैली प्रचारात आणली. पुढील काळात स्पेनमधील कलावंतांनी रंगछटांच्या क्रमिक बदलावर आधारित शैली विकसित केली. मिग हिमेनेझ हे त्यांतील एक प्रमुख नाव होय.

संच आणि साहित्य

संचातील भाग प्लास्टिकच्या चौकटींना जोडलेले असतात. ते कटरने अलग करून कानस व पॉलिश पेपर यांच्या साहाय्याने साफ केले जातात. मूळ संचाला पूरक म्हणून कोरीव पितळी पत्र्याचे भाग, लेथवर कातलेली ॲल्युमिनियमची तोफनळी, रेझिनच्या मूर्ती व त्रिमितीय मुद्रणाने बनवलेले सूक्ष्म भाग मिळतात. साखळीपट्टे मऊ प्लास्टिकच्या अखंड पट्टीच्या किंवा सुट्या कड्यांच्या स्वरूपात येतात.

पॉलिस्टायरिन जोडण्याचा पातळ द्राव हा नेहमीच्या अर्थाने डिंक नसतो. तो दोन्ही पृष्ठभाग विरघळवतो आणि वाळल्यावर ते एकजीव होतात. धातू व रेझिन यांवर तो चालत नाही. तेथे सायनोॲक्रिलेट वापरतात. रेझिन घासताना निघणारी धूळ आणि रंगांतील द्रावकांची वाफ फुप्फुसांना अपायकारक असल्याने मुखपट्टी व खेळती हवा आवश्यक मानली जाते.

जुळणी

जुळणीची सुरुवात बहुधा खालच्या सांगाड्यापासून व चाकांपासून होते. फटी लांबीने बुजवल्या जातात आणि साच्याच्या जोडरेषा घासून काढल्या जातात. पट्ट्यांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. टायगर किंवा पँथरसारख्या वाहनांत पट्ट्याची वरची बाजू वजनाने झोळ पडून चाकांवर टेकते. ती ताठ राहिल्यास प्रतिकृती हलकी भासते. रणगाडा खडबडीत जमिनीवर दाखवायचा असेल, तर प्रत्येक चाकाची उंची जमिनीप्रमाणे बदलावी लागते. म्हणून अनुभवी कलावंत वाहन पूर्ण होण्यापूर्वीच जमिनीचा आराखडा तयार करतात.

रंगकाम

प्रथम अस्तराचा रंग दिला जातो. त्यामुळे पितळ, रेझिन व प्लास्टिक यांचा पृष्ठभाग एकसारखा होतो आणि राहिलेले दोष उघडे पडतात. मूळ रंग सहसा एअरब्रशने पातळ थरांत देतात. खरे वाहन काही अंतरावरून पाहिले असता हवेमुळे त्याचा रंग फिका वाटतो. तोच परिणाम साधण्यासाठी प्रतिकृतीवरील रंग मूळ छटेपेक्षा किंचित उजळ ठेवण्याची प्रथा आहे. वरून प्रकाश पडणारे भाग उजळ आणि खालचे भाग गडद ठेवल्याने लहान आकारातही घनता जाणवते.

यानंतर चकचकीत वार्निश देऊन पाण्यावर सुटणारी चिन्हपत्रे चिकटवली जातात. खाचांमध्ये व रिव्हेटांभोवती गडद रंगाचा पातळ द्राव सोडला जातो. त्यास वॉश म्हणतात. जवळजवळ कोरड्या ब्रशाने कडांवर फिकट रंग ओढला असता उठाव स्पष्ट होतो. शेवटी चमकरहित वार्निशचा हात दिला जातो.

वापराच्या खुणा

ऊन, पाऊस, चिखल आणि माणसांचा वावर यांमुळे वाहनावर पडणाऱ्या खुणा दाखवणे हा या कलेतील सर्वांत कौशल्याचा टप्पा समजला जातो. हेअरस्प्रे पद्धतीत प्रथम गंजाचा किंवा खालचा रंग देतात, त्यावर हेअरस्प्रेचा थर देऊन वरचा पाण्यात मिसळणारा रंग फवारतात. नंतर पृष्ठभाग ओला करून ब्रशाने घासल्यास वरचा रंग ठिकठिकाणी सुटतो आणि खालचा दिसू लागतो. धुळीसाठी कोरड्या रंगद्रव्यांची पूड, तर पावसाच्या ओघळांसाठी तैलरंगाच्या उभ्या रेषा वापरल्या जातात.

या खुणांचे स्थान वाहनाच्या वापरावरून ठरते. चालक-दलाची ये-जा होते तेथे, म्हणजे झाकणांच्या कडांवर व पाय ठेवण्याच्या जागी, रंग झिजतो. पट्ट्यांचा जमिनीवर घासणारा भाग चकाकतो, तर आतल्या खोबणींत चिखल साचतो. इंधन ओतण्याच्या तोंडाजवळ तेलकट डाग पडतात. रणगाड्याचे प्रत्यक्ष आयुष्य रणभूमीवर अनेकदा फारच थोडे असे. त्यामुळे सर्वत्र खोल गंज दाखवणे बऱ्याचदा वस्तुस्थितीस धरून नसते. आकर्षकतेसाठी खुणा किती वाढवाव्यात, याविषयी या क्षेत्रात जुना मतभेद आहे.

देखाव्याची मांडणी

जमिनीचा पाया थर्माकोल किंवा लाकडावर प्लास्टर अथवा लगद्याने घडवतात व त्यावर खरी माती, वाळू आणि बारीक खडे चिकटवतात. झाडांसाठी तार, वाळलेल्या फांद्या व मुळे, तर पाण्यासाठी पारदर्शक रेझिन वापरले जाते. बर्फासाठी खाण्याचा सोडा वापरल्यास तो कालांतराने पिवळा पडतो. म्हणून काचेची सूक्ष्म पूड पसंत केली जाते.

वाहन जमिनीवर नुसते ठेवलेले दिसणे हा नवशिक्यांच्या कामातील सर्वपरिचित दोष होय. टायगर रणगाड्याचे वजन सुमारे ५७ टन होते. अशा वाहनाखाली मऊ जमीन दबली पाहिजे आणि मागे पट्ट्यांचे ठसे उमटले पाहिजेत. वाहन पायाच्या कडेला समांतर न ठेवता तिरके ठेवल्यास दृश्यास गती येते. मूर्तींच्या नजरा एका केंद्राकडे वळवल्या असता पाहणाऱ्याचे लक्षही तेथे जाते. मोकळी, निरर्थक जागा टाळण्यासाठी पाया शक्य तितका लहान ठेवतात.

ऐतिहासिक अचूकता

अचूकतेसाठी जुनी छायाचित्रे, लष्करी पुस्तिका आणि जतन केलेली वाहने यांचा आधार घेतला जातो. इंग्लंडमधील बोव्हिंग्टन येथील संग्रहालयात १९४३ मध्ये ट्युनिशियात हस्तगत केलेला ‘टायगर १३१’ चालू स्थितीत आहे. तपशिलावरून काळ कसा निश्चित होतो, याचे उदाहरण म्हणजे चुंबकीय सुरुंग चिकटू नयेत म्हणून जर्मन रणगाड्यांवर दिला जाणारा झिमेरिट हा खडबडीत लेप. तो १९४३ च्या उत्तरार्धापासून सप्टेंबर १९४४ पर्यंत कारखान्यात दिला जात असे. त्यामुळे १९४२ च्या प्रसंगात असा लेप असलेला रणगाडा दाखवणे कालविसंगत ठरते. तसेच फेब्रुवारी १९४३ मध्ये जर्मन वाहनांचा मूळ रंग गडद करड्यावरून गडद पिवळा करण्यात आला. त्या काळातील बहुतेक छायाचित्रे कृष्णधवल असल्याने नेमक्या छटांविषयी वाद होत असतात.

आक्षेप

पराभूत जर्मन सैन्याची वाहने या छंदात विशेष लोकप्रिय आहेत. त्यामुळे यंत्राच्या कौतुकात त्यामागील अत्याचार विसरले जातात, असा आक्षेप घेतला जातो. जर्मनीत नाझी स्वस्तिकाच्या सार्वजनिक प्रदर्शनास कायद्याने बंदी आहे, म्हणून तेथे विकल्या जाणाऱ्या संचांतून ते चिन्ह वगळले जाते किंवा तुकड्यांत छापले जाते. रणगाड्यांवर मुख्यतः सरळ बाहूंचा क्रूस रंगवलेला असे. स्वस्तिक हवाई ओळखीसाठी वाहनावर पसरलेल्या ध्वजांवर दिसे. अनेक कलावंत लढाईऐवजी दुरुस्ती, थकलेले सैनिक, निर्वासित किंवा उद्ध्वस्त घरे हे विषय निवडून युद्धाची मानवी किंमत दाखवण्याचा प्रयत्न करतात.

भारतीय संदर्भ

भारतीय सैन्याच्या वाहनांसाठी कलावंतांना बहुधा परदेशी संचात बदल करावे लागतात. १९६५ मधील असल उत्तर आणि १९७१ मधील बसंतर या लढायांत भारताने सेंच्युरियन रणगाडे वापरले. या रणगाड्याचे १:३५ संच उपलब्ध असले तरी भारतीय पलटणींची चिन्हे व वर दर्शवणाऱ्या बाणाने सुरू होणारे नोंदणी क्रमांक बहुधा हाताने रंगवावे लागतात. पुणे येथे जन्मलेले परमवीर चक्र विजेते सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतर येथे ज्या ‘फॅमागुस्टा’ नावाच्या सेंच्युरियनमध्ये वीरगती पावले, तो अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन करण्यात आला आहे. याच शहरातील रणगाडा संग्रहालयात विविध देशांचे रणगाडे जवळून पाहता येतात. चाकांची झीज, जोडकामाच्या रेषा आणि ओतीव पोलादाचा पोत यांच्या अभ्यासासाठी अशा मूळ वाहनांचे निरीक्षण छायाचित्रांपेक्षा अधिक उपयुक्त ठरते.